गोल्फच्या शाफ्टवरची अक्षरं आणि वाकाचा आलेख: वाळूजच्या शेडमधल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

भाचा पुण्यात गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून लागला होता. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता स्वतः खेळायला लागला, आणि आता बरा खेळतो म्हणे. संक्रांतीला गावी जाताना त्यानं आपली पिशवी माझ्या वाळूजच्या शेडमध्ये आणून टाकली. आत मेंबर लोकांनी वेळोवेळी देऊन टाकलेले क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या: ४ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंतचे आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचे), एक सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा), दोन ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचे) आणि डोकी नसलेले काही सुटे शाफ्ट, म्हणजे नुसते दांडे.

तक्रारी दोन. ७ नंबरचा आयर्न बाकीच्यांसारखा हाताला लागत नाही. आणि दोन्ही ड्रायव्हरच्या शाफ्टवर ‘एस’ लिहिलेलं असून एक चेंडू आभाळात घालतो, दुसरा जमिनीलगत दाबून ठेवतो. “मामा, अक्षर एकच हाय, मग असं काहून?”

मी गोल्फ कधी खेळलेलो नाही. टूलरूमचं काम करतो, जिग-फिक्स्चर बनवतो. पण नळी किती वाकते हे मोजणं आमच्याच धंद्यातलं, म्हणून काम अंगावर घेतलं. कुणाकडे अशीच सरमिसळ पिशवी असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून लिहून ठेवतोय.

आज फक्त खुणा उतरवल्या. भाच्याच्या वहीत काही क्लबांपुढे ‘आर’ होता. तो त्यानं ग्रिपच्या, म्हणजे मुठीवरच्या रबराच्या, तोंडाशी आतून छापलेल्या ‘६०आर’वरून घेतलेला. त्याचा शाफ्टच्या ताठपणाशी काही संबंध नाही. ६० म्हणजे ०.६०० इंची शाफ्टवर बसणारी ग्रिप, आर म्हणजे गोल, पाठीला कणा नसलेली. ५८आर असेल तर ०.५८० इंचाची. तसंच सँड वेजच्या तळावरचा ‘एस’ हा सँडचा, आणि ड्रायव्हरच्या तळावरचा १०.५ हा तोंडाचा कोन, म्हणजे लॉफ्ट. हे तीन बाजूला काढले तेव्हा वहीतल्या निम्म्या नोंदी खोडाव्या लागल्या.

ताठपणाची अक्षरं शाफ्टवरच्या छापील नावाच्या पट्टीवरच असतात. मऊपासून ताठाकडे एल, ए, आर, एसआर, एस, एक्स. एम८ चा बोल्ट जगात कुठंही एम८ असतो, तसं मात्र इथं नाही. एस म्हणजे नेमकं किती ताठ, याचं सगळ्यांनी मानलेलं प्रमाणच नाही; जो तो कारखाना आपलं ठरवतो. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये एस हा आरपेक्षा ताठ, एवढंच धरून चालायचं.

आकड्यांचं आणखी वेगळं. ट्रू टेंपर कंपनीच्या डायनॅमिक गोल्ड या स्टीलच्या शाफ्टवर एस२००, एस३००, एस४०० असतं. त्यात एस हा ताठपणा आणि पुढचा आकडा वजनाची प्रतवारी. ४०० जड, २०० हलका, ताठपणाचं अक्षर तेच. म्हणजे एस४०० हा एस३०० पेक्षा ताठ नव्हे. प्रोजेक्ट एक्सवर अक्षराऐवजी ५.०, ५.५, ६.०, ६.५ असे आकडे असतात, आणि ६.० साधारण एसच्या जवळपास येतो. निप्पॉनच्या ९५० जीएचमधला ९५० म्हणजे ९५ ग्रॅमच्या घरातला शाफ्ट. कार्बनच्या ड्रायव्हर शाफ्टवर ६एस किंवा ६५-एस असं असतं, तिथं आकडा ग्रॅमचा (नुसता ६ म्हणजे साठीतला) आणि अक्षर ताठपणाचं.

१४ जानेवारी

शेड बंद, वीज चालू, कुणी फोन करणारं नाही. वजनाचं काम उरकलं.

ओळखीच्या सराफाकडचा ०.१ ग्रॅमचा काटा मागून आणला होता. डोकं बसवलेला असताना एकट्या शाफ्टचं वजन कळत नाही, पण अख्ख्या क्लबचं कळतं. आयर्नची डोकी साधारण ७-७ ग्रॅमनं चढत जातात आणि क्लब अर्धा-अर्धा इंच आखूड होत जातो, म्हणून एकूण वजनही नंबरागणिक थोडं थोडं चढायला पाहिजे. ६ नंबर ४३३ ग्रॅम भरला, ८ नंबर ४४६. मधला ७ नंबर ४४० च्या आसपास यायला हवा, तो आला ४०८.

पट्टीवर तिन्हीकडे एस. पण ६ आणि ८ मध्ये डायनॅमिक गोल्ड, जो न कापलेला १३० ग्रॅमच्या घरात असतो, आणि ७ मध्ये कुणीतरी ९५ ग्रॅमच्या वर्गातला शाफ्ट घातलेला. ३० ग्रॅमचा फरक हाताला कळणारच. तेव्हा पिशवी जुळवायची असेल तर अक्षराकडे बघायच्या आधी काट्यावर ठेवा. यातला खर्च म्हणजे सराफाला पाजलेला चहा.

१९ जानेवारी

ताठपणा मोजायची सोपी रीत म्हणजे बट, अर्थात मुठीकडचं टोक, घट्ट धरायचं, टिपला म्हणजे डोक्याकडच्या टोकाला वजन अडकवायचं, खाली ओढून सोडायचं आणि मिनिटाला किती हेलकावे होतात ते मोजायचं. त्याला सीपीएम म्हणतात. ताठ शाफ्ट भरभर हलतो. ड्रायव्हरच्या लांबीला २५० च्या आसपासचे आकडे येतात आणि एका अक्षराचा फरक साधारण १० सीपीएमचा धरतात.

बेंच व्हाइसमध्ये रबराची पट्टी घालून धरला. पहिल्यांदा २३८, तोच शाफ्ट काढून पुन्हा लावला तर २३१, मग २३४. अक्षराचा फरकच १० चा, आणि माझी चूक ७ ची. हे माप निरुपयोगी.

कारणं शोधली. रबर दबतं, त्यामुळे शाफ्टला पकडीतच थोडं हलायला मिळतं. व्हाइसचे जबडे चार इंची, प्रचलित पकड पाच इंचाची. आणि अख्खं टेबल शाफ्टबरोबर हलत होतं. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला तर त्यात तरंग दिसत होते. आजचा दिवस गेला.

२६ जानेवारी

ॲल्युमिनियमचा ठोकळा, लांबी १२७ मिमी. लेथवर मधोमध १५.३ मिमीचं भोक पाडलं, मग लांबीत चिरून दोन फाका केल्या आणि चार ॲलन बोल्टनं आवळायची सोय केली. ०.६०० इंच म्हणजे १५.२४ मिमी, म्हणून ते माप. ०.५८० च्या शाफ्टसाठी कागदी शिम लागतो. रबर नको, कापड नको. ठोकळा टेबलाला न लावता शेडच्या लोखंडी खांबाला वेल्ड केलेल्या प्लेटवर बोल्टनं बसवला. तुकडा भंगारातला, ३२० रुपये किलोनं दिला. बोल्ट घरचे.

टिपच्या वजनासाठी पितळेचा २०५ ग्रॅमचा दट्ट्या फिरवला, कारण सुट्या ड्रायव्हर शाफ्टला बरेच जण तेवढंच लावतात. आत ८.६ मिमीचं भोक आणि एक ग्रब स्क्रू. ड्रायव्हरची टिप ०.३३५ इंच, म्हणजे ८.५ मिमी. आयर्नसाठी दुसरा दट्ट्या लागला, कारण तिथं टिप ०.३५५ तरी असते किंवा ०.३७० तरी.

मोजायला तयार यंत्र महागडं आहे. मी फोन वापरला. सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन, मागे पांढरा कागद, टिपला काळी खूण. दहा हेलकाव्यांना किती चित्रं लागली ते मोजायचं. २५० सीपीएमला दहा हेलकावे २.४ सेकंदांत होतात, म्हणजे ५७६ चित्रं. एखादं चित्र चुकलं तरी अर्ध्या सीपीएमपेक्षा कमी फरक. काही फोन कमी उजेडात चित्रांचा वेग परस्पर घटवतात, म्हणून त्याच चौकटीत सेकंदकाटा असलेलं घड्याळ ठेवा आणि भरपूर उजेड घ्या. माझे ट्यूबलाइटखालचे पहिले आकडे याच कारणानं टाकून द्यावे लागले.

आता तोच शाफ्ट काढून-लावून एका सीपीएमच्या आत परत येतो. एक अडचण राहिली: काही शाफ्ट सरळ वर-खाली न हलता लंबगोल फिरत सुटतात. थोडा फिरवून पुन्हा छेडला की एका जागी तो सपाट हलतो. त्याच जागी मोजा.

२ फेब्रुवारी

आयर्न ग्रिपसकट मोजले. ग्रिपचं रबर दबतं म्हणून आकडा खरा नसतो, पण सगळ्यांवर सारखीच ग्रिप असल्यानं आपसात तुलना चालते. नवीन ग्रिपा घ्यायला भाच्याकडे पैसे नाहीत, हेही कारण आहेच.

४ नंबर ३०१, ५ नंबर ३०५, ६ नंबर ३१०, ८ नंबर ३१८, पिचिंग वेज ३२७. नंबरामागे चार-साडेचारची चढण, छान सरळ रेषा. ७ नंबर ३१४ ऐवजी २९८. हलका, आणि वर मऊही.

९ नंबरवर पट्टी आरची. रेषेप्रमाणे एसचा आकडा ३२२ आला असता, आर म्हणून ३१२ तरी धरा. आला ३२४. म्हणजे पिशवीतला एकुलता एक आर एसवाल्यांपेक्षा ताठ! काल भाचा फोनवर म्हणत होता की तेवढा ९ बदलून द्या, तो आरचा आहे. मी म्हटलं थांब.

उत्तर शाफ्टच्या अंगावरच होतं. स्टीलच्या शाफ्टला पायऱ्या असतात. टिप समांतर असलेल्या शाफ्टचा एकच दांडा सगळ्या नंबरांना वापरतात आणि दर नंबरामागे टिप अर्धा इंच जास्त कापतात, त्यामुळे डोक्यापासून पहिल्या पायरीचं अंतर दर नंबराला १३ मिमीच्या आसपास घटतं. ८ आणि ९ मधला फरक ३२ मिमी निघाला. कुणीतरी टिप पाऊण इंच जास्त कापली होती, आणि क्लबही अर्धा इंच आखूड. टिप कापली की नळीचा सगळ्यात मऊ भाग जातो, लांबी घटली की हेलकावा आणखी जलद होतो. लांबीतल्या एका इंचाला सुमारे ९ सीपीएम, म्हणजे जवळजवळ एक अक्षर. पट्टीवर आर लिहिला तेव्हा शाफ्ट अख्खा होता. कापणाऱ्यानं पट्टी बदलली नाही. ९ नंबर तसाच ठेवला.

९ फेब्रुवारी

ड्रायव्हरची डोकी काढली. हॉट एअर गन, थोडी थोडी उष्णता, आणि सरळ रेषेत ओढ. कार्बनचा शाफ्ट पिळून काढायचा नाही, धागे फाटतात. स्टीलचा पिळला तरी चालतो. ओढायला बेंचवर स्क्रूचा पुलर बनवला, त्यात अख्खी सकाळ गेली. गळ्याजवळची काळी फेरूल वितळणारच, ती ५० रुपयांची गोष्ट, जीव लावू नका.

दोन्ही शाफ्ट २०५ ग्रॅमच्या दट्ट्यासह, सारख्या लांबीला मोजले. आभाळात घालणारा, याला काळा म्हणतो, २५८. खाली दाबणारा, राखाडी, २४६. दोघांवर एस, आणि फरक एका अक्षराहून जास्त.

पण हे उलटं आलं. भाच्याच्या सगळ्या मित्रांच्या मते ताठ शाफ्ट चेंडू खाली ठेवतो आणि मऊ वर नेतो. इथं ताठ वर नेतोय. एकतर त्यांचं म्हणणं चूक, नाहीतर माझं माप शाफ्टबद्दल सगळं सांगत नाही. दुसरं खरं. धरलेल्या टोकाशीच सगळ्यात जास्त ताण येतो, म्हणून सीपीएम मुख्यतः बटबद्दल बोलतो. टिपकडे काय चाललंय ते त्यात बुडून जातं. गोल्फच्या जगात क्लब डिझाइन करणारे टॉम विशन यांनी म्हणूनच एकाच जागी न थांबता ४१ इंचांपासून ११ इंचांपर्यंत दर पाच इंचांवर, ४५४ ग्रॅमचं वजन लावून मोजायची पद्धत वापरली. मला मात्र थेट वाकच मोजायचा होता. आम्हाला डायल गेजवर जास्त विश्वास.

१६ फेब्रुवारी

रचना अशी: दोन आधार ३०० मिमी अंतरावर, त्यांवर शाफ्ट आडवा, मधोमध पट्ट्यानं १० किलो टांगायचे, आणि मध्य किती खाली गेला ते डायलवर वाचायचं. शाफ्ट सरकवत सरकवत हेच करायचं की जागोजागचा ताठपणा मिळतो. त्याला ईआय म्हणतात, एकक न्यूटन-मीटर वर्ग. सूत्र ज्याला हवं त्यानं पुस्तकात बघावं. ३०० मिमी अंतर आणि १० किलो असतील तर ५५.२ ला मिलीमीटरमधल्या वाकानं भागा, ५ किलो असतील तर २७.६ ला. एवढं पुरतं.

पाया म्हणून ७५ च्या चॅनलचा ६०० मिमीचा तुकडा. शाफ्ट दोन्हीकडून बाहेर लोंबू दे, लांब चॅनल लागत नाही. वजनं मोंढ्यातल्या एका आडत दुकानातून आणली, पाच-पाच किलोची, सरकारी शिक्क्याची. दुकानदारानं दोनदा विचारलं की काय तोलणार. डायल गेज घरचाच. नवा घ्यायचा तर हजार-दीड हजार धरा.

शाफ्टला हात लावायच्या आधी १० मिमीचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत गोल पोलादी सळई, ठेवला, कारण त्याचं उत्तर आधीच काढता येतं: १० किलोला ०.५५ मिमी. डायलनं दाखवले ०.७१. बार काही खोटं बोलत नव्हता. डायलचा चुंबकी स्टँड टेबलावर होता, आणि वजन टांगलं की आधार, चॅनल, टेबल सगळं मिळून ०.१६ नं खाली बसत होतं. ते सगळं मी बारच्या नावावर लिहीत होतो.

उपाय: एक वेगळी पट्टी थेट दोन आधारांच्या वरच टेकवली आणि डायल तिला लटकवला. आता आधार खाली बसले तरी डायल त्यांच्याबरोबरच बसतो. पुन्हा माप, ०.५६. शिवाय आधी एक किलो टांगून शाफ्ट बसू द्यायचा, तिथं डायल शून्य करायचा, मग दहा किलो. नाहीतर पहिलं वाचन दर वेळी वेगळं येतं.

हा बार तपासायचा टप्पा कुणी गाळू नका. ०.७१ वरच पुढे गेलो असतो तर बटकडचे सगळे आकडे पडेल निघाले असते आणि टिपकडचे बरे दिसले असते. बट मुळातच कमी वाकते, म्हणून तिथं तेवढीच चूक जास्त मोठी.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. वेरूळकडे जाणारी सगळी गर्दी, आणि शेडमध्ये मी एकटा.

आधाराची वरची धार मी टोकदार ठेवली होती, कारण अंतर नेमकं ३०० राहावं. स्टीलवर ठीक. सुटा कार्बन शाफ्ट घेतला, बटकडून सुरुवात, दहा किलो टांगले आणि चर्र आवाज. रंगाखाली केसाएवढी रेघ. कार्बनच्या शाफ्टची भिंत बटकडे पातळ असते, वाकायच्या आधी ती धारेवर दबते. तो शाफ्ट बाद. ड्रायव्हरचे लावले नव्हते हे नशीब.

नायलॉनच्या रॉडमधून २० मिमी रुंद, खोलगट खोगिरं फिरवली. टांगायचा पट्टाही दोरीऐवजी नायलॉनचा रुंद. टिपकडच्या भागाला ५ किलोच, बटकडे १०. आता आवाज नाही, खूण नाही. रुंद खोगिरामुळे अंतर मिलीमीटरभर इकडेतिकडे होतं, ते मी सोडून दिलं.

२ मार्च

दोन्ही शाफ्टचे आलेख निघाले, दर ५० मिमीला एक बिंदू. तक्ता सगळा देत नाही, तीन जागा पुरे.

बटकडे, १० किलोला: काळा ०.७९ मिमी, राखाडी ०.९८. म्हणजे ईआय सुमारे ७० आणि ५६. मध्याला: काळा १.२३, राखाडी १.२०, दोघे ४५-४६ वर, जवळपास एकावर एक. टिपकडे, ५ किलोला: काळा १.३८, राखाडी १.०२. ईआय २० आणि २७.

रेषा मधोमध एकमेकींना छेदून जातात. काळा मुठीकडे ताठ आणि टिपला मऊ, राखाडी त्याच्या उलट. सीपीएमनं फक्त मुठीकडची बाजू पाहिली होती, म्हणून काळा ‘ताठ’ ठरला. डोक्याजवळ तोच मऊ आहे. ही छेदणारी रेषा कागदावर पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा त्या पट्टीवरच्या अक्षराचा राग आला. एका अक्षरात हे मावणारच नाही.

टिपचे शेवटचे १५० मिमी आणि बटचेही तेवढेच या रचनेत मोजता येत नाहीत, कारण आधार ठेवायला जागा उरत नाही. शिवाय ३०० मिमीच्या पट्ट्यात येणारा फरक सरासरीत सपाट होतो. स्टीलच्या पायऱ्या आलेखात दिसत नाहीत, नुसता उतार दिसतो.

९ मार्च

भाच्यानं कंपन्यांचे छापील आलेख फोनवर पाठवले आणि लगेच निकालही: “मामा, तुमचा उलटा आलाय.” त्यानं पाठवलेल्या एका आलेखात डावीकडे टिप होती, दुसऱ्यात डावीकडे बट. माझ्या कागदावर डावीकडे टिप. दोन वेगळ्या दिशांचे आलेख एकावर एक ठेवले की टिपला मऊ असलेला शाफ्ट टिपला ताठ दिसतो. पहिली नजर आडव्या अक्षावर टाका: शून्य कुठल्या टोकाला, आकडे इंचात की मिलीमीटरमध्ये.

मग उभा अक्ष. काही आलेखांत तिथं आकडेच नसतात, नुसती ‘ताठ’ आणि ‘मऊ’ अशी बाणाची खूण. असा आलेख त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांत तुलना करायला ठीक, दुसऱ्या कंपनीशी नाही. आणि काही आलेखांत उभा अक्ष शून्यापासून सुरू न करता मधूनच सुरू करतात. पाच टक्क्यांचा फरक मग डोंगराएवढा दिसतो.

‘किक पॉइंट’, म्हणजे शाफ्ट सगळ्यात जास्त वाकतो ती जागा, हीही खूण पट्टीवर असते: लो, मिड, हाय. त्यातला लो आणि हाय यांच्यातलं प्रत्यक्ष अंतर इंच-दोन इंचांचंच असतं. आलेख हातात असेल तर तिकडे बघायचं कारण नाही.

टॉर्कही उरकून टाकला. शाफ्ट पिळला जातो किती अंश, ते. राखाडीवर ४.६ छापलंय. मी ३०० मिमीचा आडवा हात लावून ४५० ग्रॅम टांगले, ५.१ आले. कुठं धरलं आणि कुठं पिळलं यावर तो आकडा हलतो, म्हणून त्यावर वाद घालत बसलो नाही. स्टीलच्या आयर्नमध्ये तो सहसा कमी असतो, कार्बनमध्ये जास्त.

आधारांवर शाफ्ट स्वतःभोवती फिरवूनही पाहिला. नियमाप्रमाणे तो कुठल्याही बाजूला सारखाच वाकला पाहिजे. काळ्यात फिरवताना ०.०३ मिमीचा फरक, म्हणजे काही नाही.

२३ मार्च

७ नंबर. भाच्यानं पुण्याहून जुना डायनॅमिक गोल्ड एस३०० मिळवला, ९०० रुपये. टिप ०.३७०, समांतर. आपल्या डोक्याचं भोक ०.३५५ चं, निमुळतं. आत जाईना. व्हर्नियर लावून मगच शाफ्ट विकत घ्या, हे भाच्याला मी आधी सांगायला हवं होतं.

भोक ९.५ मिमीच्या ड्रिलनं मोठं केलं. डोकं वेडंवाकडं असतं, व्हाइसमध्ये नीट बसत नाही. सागाच्या दोन फळ्यांत त्याचा साचा कोरून धरलं आणि जुन्या भोकाचा मध्य पकडून सावकाश उतरवलं. हातातल्या ड्रिलनं हे करू नका, क्लबचा कोन बदलेल.

टिप कंपनीच्या तक्त्याप्रमाणे कापायच्या आधी डोक्याच्या वजनाचा, २६८ ग्रॅमचा दट्ट्या लावून सीपीएम पाहिला. आधी थोडी कमी कापली, मोजलं, मग उरलेली. ६ आणि ८ च्या मधोमध येईपर्यंत. त्यानंतर बटकडून लांबीला. हा क्रम उलटा केला तर शाफ्ट वाया.

चिकटवायला दोन डब्यांचं संथ सुकणारं अ‍ॅराल्डाइट. मार्चच्या दुपारी ते हातातच घट्ट व्हायला लागतं, सकाळी लावा. स्टीलची टिप एमरीनं खरवडून घ्या. कार्बन असेल तर फक्त रंग काढा, काळे धागे दिसले की थांबा. एक रात्र उभं ठेवून दिलं. ग्रिप बसवून पुन्हा मोजलं: ४४१ ग्रॅम, ३१३ सीपीएम.

ड्रायव्हरचे शाफ्ट मुद्दाम अदलाबदल करून बसवले. काळा आता खाली दाबणाऱ्या डोक्यात, राखाडी आभाळवाल्यात. दोघांची टिप ०.३३५, त्यामुळे अडचण आली नाही.

६ एप्रिल

भाच्याचा निरोप. ७ नंबर आता इतरांसारखा वाटतो, विषय संपला. ड्रायव्हरचा नाही संपला. माझ्या आलेखाप्रमाणे आता दोघांनी जागा बदलायला हव्या होत्या. बदलल्या नाहीत. आभाळवालं डोकं राखाडी शाफ्टवरही वरच नेतंय, पहिल्यापेक्षा कमी, पण वरच. म्हणजे टिपचा मऊपणा आहे, त्याचा परिणामही आहे, पण जेवढं मी त्याच्या खात्यावर लिहिलं होतं त्याच्या निम्माही नसावा.

ते डोकं एसटीच्या पार्सलनं परत मागवलं.

१३ एप्रिल

सरफेस प्लेटवर डोकं टेकवलं, तोंडाच्या मध्याला अंशमापक लावला. तळावर १०.५ छापलंय. माझ्याकडे १२ च्या जवळ येतंय. दुसऱ्या डोक्यावरही १०.५ आहे, ते पुण्यातच आहे, पुढच्या पार्सलला मागवलंय. तोंड गोलसर फुगीर असल्यानं अंशमापक कुठं टेकवला यावर अर्धा अंश हलतो, तेवढ्यासाठी एक छोटी तिपाई बनवतोय. आतापर्यंतचा खर्च शाफ्ट धरून अडीच हजारांच्या आत, त्यात बाद झालेला कार्बन शाफ्ट धरलेला नाही, कारण तो फुकट आलेला होता.

भाच्यानं विचारलं, तोवर कुठला ड्रायव्हर वापरू. म्हटलं जो खाली ठेवतो तो, शाफ्ट काळाच राहू दे.